ठरावापासून तळ्यापर्यंत

धामणकर नाका, भिवंडी
२० मार्च

चि. बाळ यास,



परवा रात्री तुझा फोन झाला आणि मी बराच वेळ खिडकीत बसून राहिले. खाली नाक्यावर नेहमीचीच वर्दळ होती. ताग्यांनी भरलेले टेम्पो, कल्याण नाक्याच्या सीटसाठी ओरडणारे रिक्षावाले, मधोमध मेट्रोचे खांब, आणि मागच्या गल्लीतून येणारी साच्यांची खडखड. लहानपणी सुट्टीला यायचास तेव्हा पहिल्या रात्री तुला या आवाजात झोप लागत नसे आणि चौथ्या दिवसापासून त्याच्याशिवाय लागत नसे. सवयीचं असंच असतं. रोज कानावर पडणारी गोष्ट काही दिवसांनी ऐकू येईनाशी होते. तू फोनवर जे बोललास, ते मला अशाच सवयीतून आलेलं वाटलं.

तू दोन गोष्टी म्हणालास. पहिली अशी, की वसतिगृहात तुम्ही मुलांनी दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णभेदावरचा चित्रपट पाहिला आणि तुला वाटलं, बरं झालं, आपल्याकडे असलं काही नव्हतं. दुसरी अशी, की १८ पूर्ण होऊन चार महिने झाले तरी तू मतदार यादीत नाव घातलेलं नाहीस. "लोकशाही आली, राज्यघटना आली, तुमच्या आधीच्या लोकांनी सगळं करून ठेवलंय, आत्या. आता माझ्या एका नावावाचून काय अडणार आहे?" हे तुझे शब्द. तू हे उर्मटपणे म्हणाला नाहीस, हे मला माहीत आहे. मनापासून वाटलं ते बोललास. म्हणून मीही मनापासून उत्तर लिहिते आहे. फोनवर एवढं बोलता येत नाही. शांतपणे वाच.

आधी पहिल्या गोष्टीचं. दक्षिण आफ्रिकेत १९४८ पासून सरकारनं कायदे करकरून माणसं वेगळी केली. बाक वेगळे, बस वेगळ्या, समुद्रकिनारे वेगळे, राहायच्या वस्त्या वेगळ्या. सगळ्यांना मत मिळाल्यावरची पहिली निवडणूक तिथे १९९४ साली झाली. तिथे पाट्या लावलेल्या होत्या, म्हणून त्या चित्रपटात दिसतात. आपल्याकडे पाटी लागतच नव्हती. गावातल्या चार वर्षांच्या पोरालाही ठाऊक असे की पाणवठ्यावर कुणी उतरायचं आणि कुणी लांब उभं राहून ओंजळीत वरून पडेल तेवढं पाणी घ्यायचं. आपली पाटी माणसांच्या मनात होती. म्हणून ती चित्रपटात दिसत नाही, आणि म्हणूनच ती उतरवायला इतका वेळ लागला.

इंग्रजांनी ही पाटी लिहिली नव्हती, पण त्यांनी ती पुसलीही नाही. १८५६ साली धारवाड मुंबई इलाख्यात होतं. तिथल्या सरकारी शाळेत एका महार मुलानं प्रवेश मागितला, तो त्याला नाकारला गेला. त्यानं सरकारकडे अर्ज केला. सरकारचं म्हणणं असं पडलं की न्याय या मुलाच्या बाजूनं आहे, पण एकट्यासाठी बाकीची मुलं शाळा सोडून जातील, तेव्हा हस्तक्षेप नको. दोन वर्षांनी, १८५८ साली, राणीचा जाहीरनामा आला आणि प्रजेच्या धर्मात ढवळाढवळ करणार नाही असं वचन मिळालं. त्या वचनाच्या आडोशाला बऱ्याच रूढी निर्धास्त झाल्या. शिवाय त्यांनी नवी कुंपणंही घातली. १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यांनी जमातीच्या जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या. आपल्या सोलापुरात काटेरी तारांच्या आत सेटलमेंट होती. आत राहणाऱ्याला हजेरी द्यावी लागे, परवानगीशिवाय बाहेर पडता येत नसे. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी उठला. देश १९४७ ला स्वतंत्र झाला, आणि ही माणसं त्यानंतर पाच वर्षांनी. ती आजही ३१ ऑगस्ट हा आपला विमुक्त दिन मानतात.

म्हणून "आपल्याकडे असलं काही नव्हतं" हे वाक्य पुन्हा उच्चारू नकोस, बाळा. ज्यांच्या आजोबांनी ते भोगलं, अशी मुलं तुझ्या वसतिगृहात तुझ्या शेजारच्या खाटेवर झोपत असतील.

आता दुसरी गोष्ट. तीच मुख्य. हे पत्र मी आजच का लिहायला घेतलं, ते तारखेवरून तुझ्या लक्षात यायला हवं. नसेल आलं, तर पुढचं नीट वाच.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या कायदे कौन्सिलात रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी एक ठराव आणला. सरकारी पैशानं बांधलेल्या किंवा सरकारी खर्चानं चालणाऱ्या विहिरी, पाणवठे, धर्मशाळा, शाळा, कोर्टकचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा तो ठराव. तो मंजूर झाला. पुढे जानेवारी १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेनंही ठराव केला की गावातलं चवदार तळं सर्वांना खुलं आहे. कागदावर काहीच बाकी राहिलं नाही. वर सरकारचा ठराव, खाली नगरपालिकेचा.

आणि तरी पुढची तीन वर्षं एकाही अस्पृश्य माणसानं त्या तळ्याचं पाणी प्यायलं नाही. ठराव दप्तरात होता, तळं जागच्या जागी होतं. मधली वाट कुणी चालत नव्हतं.

ती वाट २० मार्च १९२७ रोजी चालली गेली. कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेला जमलेली हजारो माणसं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या मागोमाग, चारचारांच्या रांगा करून, महाडच्या बाजारातून तळ्याकडे गेली. बाबासाहेब पायऱ्या उतरले, ओंजळीत पाणी घेतलं आणि प्याले. मागून बाकीचे प्याले. बस, एवढंच. एका ओंजळभर पाण्याची गोष्ट.

त्याची किंमत काय पडली ते पाहा. हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात घुसणार, अशी आवई उठली आणि मांडवात जेवायला बसलेल्यांवर लाठ्या पडल्या. कित्येकांना गावातल्या मुसलमानांनी आपल्या घरात आसरा दिला. उलटून हात उगारायचा नाही, असं बाबासाहेबांनी आपल्या माणसांना बजावलं आणि त्यांनी ते ऐकलं. नंतर पंचगव्याच्या १०८ घागरी ओतून तळं 'शुद्ध' केलं गेलं. ऑगस्टमध्ये नगरपालिकेनं आपलाच ठराव मागे घेतला. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला, तेव्हा परिषदेला जागा द्यायला कुणी पुढे येईना. ती दिली फत्तेखान नावाच्या एका मुसलमान गृहस्थांनी. त्याच परिषदेत २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली गेली, आणि तो ठराव मांडणारे बापूसाहेब सहस्रबुद्धे जन्मानं ब्राह्मण होते. ही नावं मी मुद्दाम लिहिते आहे. वाट चालणाऱ्यांच्या सोबतीला नेहमी कुणीतरी दुसऱ्या आळीतलं असतं. तुला तसं व्हायचं आहे, हे लक्षात ठेव.

पण डिसेंबरात पाणी प्यायलं गेलं नाही. तळं खासगी आहे असा दावा काही मंडळींनी लावला होता आणि कोर्टानं तूर्त मनाई केली होती. हजारो माणसं तुरुंगात जायच्या तयारीनं आली होती. बाबासाहेबांनी त्यांना समजावलं की आपलं भांडण सरकारशी नाही, कोर्टाचा हुकूम आहे तोवर थांबू. ती माणसं तळ्याला शांतपणे फेरी घालून परतली. जवळ पाणी असून प्यायचं नाही, हेही त्यांनी करून दाखवलं. शाळेत शिकवताना या जागी आले की माझा आवाज दर वर्षी अडखळायचा.

दावा महाडच्या कोर्टातून आपल्या ठाण्याच्या कोर्टात, तिथून मुंबई हायकोर्टात गेला. १७ मार्च १९३७ रोजी निकाल लागला: तळं सार्वजनिक आहे, आणि अस्पृश्यांना वगळण्याची अनादी काळापासूनची रूढी सिद्ध होत नाही. निकाल देणाऱ्यांत न्यायमूर्ती ब्रूमफील्ड होते. १९२२ साली अहमदाबादेत गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा सुनावणारे तेच हे ब्रूमफील्ड. इतिहास असा सरळ रेघेत चालत नाही, बाळा. एकाच हातानं एकदा बेडी घातली आणि एकदा तळं खुलं केलं.

आता हिशेब कर. १९२३ चा ठराव, १९३७ चा निकाल. एका तळ्यासाठी जवळजवळ चौदा वर्षं. ठराव झाल्यानंतरची चौदा वर्षं.

कधी वाट आधी आणि ठराव मागून, असंही होतं. आपल्याच तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, तलासरी-डहाणूच्या जंगलपट्टीत, १९४५ साली वारल्यांनी गोदावरी परुळेकरांच्या सोबतीनं जमीनदारांची वेठ नाकारली. गोळीबार झाला, माणसं पडली, पण वेठ त्यांनी परत मानेवर घेतली नाही. वेठबिगारी देशभर बंद करणारा कायदा १९७६ साली आला. वारली त्याच्या तीस वर्षं आधी निघाले होते. आणि स्वातंत्र्य तीन महिन्यांवर आलेलं असताना, मे १९४७ मध्ये, पंढरीचं देऊळ हरिजनांना उघडावं म्हणून साने गुरुजींना दहा दिवस उपोषण करावं लागलं. दिल्लीत सत्ता हातात येत होती आणि पंढरपुरात दार बंद होतं. झेंडा बदलण्याचा दिवस आणि दार उघडण्याचा दिवस एकच असतो, असं समजू नकोस.

मग राज्यघटना आली. तिचं १५ वं कलम उघडून पाहा. त्यात विहिरी, तळी, स्नानघाट, रस्ते असे शब्द आहेत. जगातल्या किती राज्यघटनांत तळ्याचा उल्लेख असेल? महाडच्या पायऱ्यांवरचं पाणी थेट कायद्याच्या भाषेत उतरलं आहे ते असं. १७ व्या कलमानं अस्पृश्यता नष्ट केली. ३२६ व्या कलमानं प्रत्येक सज्ञान माणसाला मत दिलं. इंग्रजांच्या राज्यात मत होतं ते जमीन, कर, शिक्षण पाहून, मोजक्यांना. इथे एका फटक्यात सगळ्यांना. अमेरिकेत काळ्या लोकांचं मत दक्षिणेकडच्या राज्यांत खऱ्या अर्थानं सुरक्षित व्हायला १९६५ चा कायदा यावा लागला. स्वित्झर्लंडमध्ये बायकांना देशाच्या निवडणुकीत मत मिळालं १९७१ साली. आपण पहिल्याच निवडणुकीत, १९५१-५२ साली, १७ कोटींहून अधिक लोकांची यादी केली. दर शंभरातल्या जेमतेम अठरा जणांना वाचता येत होतं, म्हणून प्रत्येक उमेदवाराची चिन्ह चिकटवलेली वेगळी पेटी ठेवली.

त्या यादीतली एक गोष्ट तुला सांगायचीच आहे. अनेक बायकांनी यादी करणाऱ्यांना आपलं नाव सांगितलं नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढंच सांगितलं. सुकुमार सेन तेव्हा मुख्य निवडणूक आयुक्त होते. स्वतःच्या नावाशिवाय नोंद होणार नाही यावर ते ठाम राहिले आणि सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीतून गळली. माझी आई, म्हणजे तुझी आजी, तेव्हा तेवीस वर्षांची होती. तिनं नाव सांगितलं होतं. केंद्रावर त्या माणसानं तिला मोठ्यानं पुकारलं, ती गोष्ट ती म्हातारपणीही सांगायची. लग्नानंतर चार माणसांत तिच्या स्वतःच्या नावानं कुणी हाक मारली, ती पहिल्यांदा त्या दिवशी. तुझ्या एका नावावाचून काय अडणार, असं तू विचारलंस. तिला विचारायला हवं होतंस.

ही राज्यघटना म्हणजेही एक ठरावच आहे, बाळा. आजवरच्या ठरावांतला सर्वांत मोठा. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी, ती मंजूर होण्याच्या आदल्या दिवशी, बाबासाहेबांनी घटना समितीला हेच बजावलं होतं. राजकारणात आपण सारे समान होऊ, पण समाजात आणि पैशाअडक्यात विषमता तशीच राहील. हा विरोध फार दिवस राहू दिला, तर विषमतेनं गांजलेले लोक ही इमारत उडवून देतील, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. त्याच भाषणात त्यांनी कुठल्याही मोठ्या माणसाच्या पायाशी आपलं स्वातंत्र्य वाहू नका, असंही सांगितलं. आणि हे सांगणारा माणूस पहिल्याच लोकसभा निवडणुकीत मुंबईत हरला. १९५४ साली भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत पुन्हा हरला. ज्यानं सर्वांना मत मिळवून दिलं, त्याला त्याच मतांनी हरवलं, आणि त्यानं मतपेटी मोडली नाही. लोकशाहीवरचा विश्वास याहून वेगळा काय असतो?

आता नाक्यावर ये. आपल्या भिवंडीनं १९७० ची दंगल पाहिली आणि १९८४ ची. मे महिना होता दोन्ही वेळा. ८४ च्या धुराचा वास माझ्या नाकात अजून आहे. राज्यघटना तेव्हाही होतीच. दंगलीनंतर चौकशी आयोग, अहवाल, शिफारशी, सगळं झालं. पण १९८८ साली आलेले पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी वस्तीवस्तीत मोहल्ला समित्या बसवल्या. मोमीन विणकर, तेलंगणातून आलेले पद्मशाली, आगरी, उत्तरेकडचे कामगार, दुकानदार, साच्यांचे मालक, हवालदार, सगळे एकाच सतरंजीवर. विषय अगदी साधे: नळ, गटार, भोंगा, मिरवणुकीचा रस्ता, पोरांची भांडणं. महिन्यामागून महिने माणसं एकमेकांची नावं शिकली. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये तीस-पस्तीस किलोमीटरवर मुंबई जळत होती. ज्या भिवंडीचं नाव घेतलं की लोक घाबरत, ती भिवंडी शांत राहिली. त्या रात्री आपल्या गल्लीच्या तोंडावर दोन्हीकडची माणसं खुर्च्या टाकून बसली होती. ठराव आणि तळं यांमधली वाट मी डोळ्यांनी पाहिली, ती ही.

आणि न चाललेली वाटही पाहिली. सप्टेंबर २०२० मध्ये इथेच, नाक्याजवळच्या पटेल कंपाउंडमधली जिलानी इमारत पहाटे झोपेत कोसळली. पस्तीसहून अधिक माणसं गेली, त्यात लहान मुलं होती. त्या घरांतल्या माणसांचं मत आणि मलबार हिलवरच्या माणसाचं मत एकाच किमतीचं होतं. छप्पर नव्हतं. बाबासाहेब बोलले होते तो विरोध तो हाच. तो आपल्या खिडकीतून दिसतो.

म्हणून आता चार गोष्टी सांगते, त्या ऐक.

नाव नोंदव. नमुना ६ चा अर्ज आहे, मोबाइलवरूनही भरता येतो. वसतिगृहाच्या पत्त्यावर भर किंवा घरच्या, पण एकाच ठिकाणी. मतदानाचं वय आधी २१ होतं, १९८९ साली ते १८ झालं. तुझ्या वयाच्या मुलांवर देशानं विश्वास टाकला आहे.

राज्यघटना वाच. मराठीत आहे. सगळी एकदम जमणार नाही, मूलभूत हक्कांपासून सुरुवात कर, रोज एक कलम. परीक्षेसाठी वाचतोस तशी नको, घराचे कागद वाचतोस तशी वाच.

विचारायला शीक. रस्ता का खचला, इमारतीची तपासणी कधी झाली, वस्तीचा निधी कुठे गेला, हे विचारायला २००५ चा माहितीचा अधिकार आहे. १० रुपयांचा अर्ज, ३० दिवसांत उत्तर. मोबाइलवर चिडून चार ओळी लिहिण्यापेक्षा असा एक अर्ज चिकाटीनं शेवटपर्यंत नेलेला बरा. राग येईल, यायलाच हवा. पण महाडला भरल्या तळ्यावरून तहानलेले परतले त्यांची आठवण ठेव आणि राग कामाला लाव.

आणि सर्वांत अवघड ते शेवटी. तुझ्या आसपासचं पाणी बघ. मेसमध्ये कोण कुणाबरोबर बसतं, आडनाव विचारल्यावर कुणाचा चेहरा बदलतो, भाड्याची खोली कुणाला मिळत नाही, आपल्या घरात कामाला येणाऱ्या मावशींचा कप कुठे ठेवला जातो. आपल्याही घरात वर्षानुवर्षं तो वेगळा होता. मला तो दिसायला फार उशीर लागला, याची मला लाज आहे. दिसल्यावर मी तो उचलून आपल्या कपांत ठेवला. तेवढंच केलं, पण ते कुठल्या कायद्यानं होणार नव्हतं, कुणीतरी उठून करायचंच होतं.

सुट्टीला आलास की आपण दोघं महाडला जाऊ. तळ्याच्या पायऱ्यांवर बसू. तोवर अर्ज भर आणि भरलास की त्याच दिवशी मला फोन कर. तुझं नाव यादीत आलेलं मला माझ्या डोळ्यांनी वाचायचं आहे.

तुझी,
आत्या